सिंहासनाचे भांडण चालते, महाभारत चालत नाही!

कुंडलिकेच्या काठचे रोहे आणि त्याला लागून वाढलेले वरसे. धाटावच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांचा हा परिसर. अशा एखाद्या घरातील महाविद्यालयीन मुलाच्या हाती जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही जाडजूड इंग्रजी कादंबरी दिसली की घरची मंडळी सुखावतात. मुलाचे इंग्रजी सुधारेल, एवढाच त्यांचा हिशेब. त्याच घरात महाभारताचे खंड आणण्याचा विषय निघाला, की कुणीतरी वडीलधारे हटकून बजावतात, “महाभारत घरात ठेवू नये, भांडणे लागतात!”

ही विसंगती केवळ कोकणातली नाही, उभ्या महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांची आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ एका दीर्घ कादंबरीमालेचा पहिला खंड आहे आणि त्याचा विषय आहे भांडण! सिंहासनासाठी पेटलेल्या राजघराण्यांचे हाडवैर त्यात आहे. राणीचे गुपित नजरेस पडले म्हणून सात वर्षांच्या मुलाला मनोऱ्यावरून ढकलून दिले जाते. भांडणाच्या भयाने व्यासांना दाराबाहेर उभे करणाऱ्या घरात हे सारे निर्धास्त वावरते.

मार्टिन यांचे लेखन टाकाऊ आहे, असे मुळीच नाही. शिक्षा सुनावणाऱ्याने तलवारही स्वतःच्या हाताने चालवावी, असा दंडक पाळणारा एडार्ड स्टार्क हा त्यातील सरदार वाचकाचा आदर मिळवतो. मुलींच्या जिवासाठी तो अखेर खोटा कबुलीजबाब देतो, तरीही पोरसवदा राजा त्याचा शिरच्छेद करवितो. सचोटीने वागून काय मिळते, असा प्रश्न तरुण वाचकाच्या मनात उभा राहतो. प्रश्न खरा आहे. दोष तो विचारणाऱ्या मुलाचा नाही. हाच प्रश्न आपल्या पूर्वजांनी अधिक निर्भयपणे विचारला होता, हे त्याला कधीच न सांगणाऱ्या घराचा आहे.

अठरा पर्वांतील दहावे, सौप्तिकपर्व, उघडून पाहावे. युद्ध संपले आहे. वडाखाली बसलेला अश्वत्थामा रात्री एका घुबडाला झोपलेले कावळे मारताना पाहतो आणि त्यातून सूडाचा मार्ग शिकतो. झोपलेल्यांना मारणे अधर्म आहे, हे कृपाचार्य त्याला सांगतात. तो ऐकत नाही. धृष्टद्युम्न, शिखंडी आणि द्रौपदीचे पाचही पुत्र त्या रात्री मारले जातात. याहून काळी रात्र कोणत्या कादंबरीत आहे?

परंतु व्यास तेथे थांबत नाहीत. अश्वत्थाम्याच्या मस्तकावरील मणी काढून घेतला जातो, तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याचा शाप त्याला मिळतो. विजेत्यांनाही सूट नाही. द्रोणवधासाठी धर्मराजाने उच्चारलेल्या अर्धसत्याची किंमत स्वर्गारोहणपर्वात नरकदर्शनाने मोजावी लागते. अंधार दाखवावा आणि प्रत्येकाच्या कृत्याचा हिशेबही मांडावा, हे व्यासांचे बळ आहे.

भांडणाचा समज तर क्षणभरही टिकत नाही. देव्हाऱ्यात पूजली जाणारी गीता भीष्मपर्वातीलच आहे. गीतेचा विचार कोळीवाड्यांपर्यंत नेणारे पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली याच रोह्यात जन्मले. गीता घरात चालते आणि ती ज्या ग्रंथात आहे तो ग्रंथ चालत नाही, याला श्रद्धा म्हणायचे की आळस?

साधनांची उणीव आहे, असेही म्हणता येत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ १९६२ मध्ये, तर इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ १९६७ मध्ये आले. दोन्ही ग्रंथ मराठीत आहेत आणि मराठी घरांनी ते मुलांच्या हाती द्यायचे आहेत.

मुलाच्या हातातील इंग्रजी कादंबरी काढून घेणे हा उपाय नव्हे, तो पराभव होय. तिच्या शेजारी महाभारत ठेवावे आणि एका संध्याकाळी दूरदर्शन संच बंद करून सौप्तिकपर्व घरात मोठ्याने वाचावे. मार्टिन यांचा पाचवा खंड २०११ साली आला, पण त्यांची माला त्यानंतरही अपुरीच राहिली. व्यासांची अठराही पर्वे पूर्ण आहेत. वाट फक्त वाचणाऱ्या घराची आहे.