शारजाच्या अलीकडे

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. 1949 चा दारूबंदी कायदा अजून हयात आहे आणि ‘परमिट रूम’ ही पाटी त्याचीच देणगी. पण आत बसलेल्याला परमिट कुणी विचारत नाही आणि त्यानेही ते काढलेलं नसतं. कायदा कागदावर, ग्लास टेबलावर! ही सवय अंगात मुरलेला माणूस दुबईच्या विमानात बसला, की मला जरा धास्ती वाटते.

तसं दुबईत घाबरण्यासारखं काही नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने कायदे बरेच सैल केले. वय 21 पूर्ण असावं आणि पिण्याची जागा परवान्याची असावी, म्हणजे बहुधा हॉटेल किंवा बार. दुकानातून बाटली घ्यायची तर पर्यटकाला पासपोर्टावर परवाना मिळतो, तोही फुकट. एवढं पाळलं की पुरे. समुद्रकिनाऱ्यावर कॅन उघडणं मात्र गुन्हा.

खरी गंमत शारजाची. अल नाहदा नावाची वस्ती दुबईत आहे आणि तिला लागूनच शारजातही आहे. भाडं कमी म्हणून आपले कितीतरी लोक शारजात राहतात, नोकरीला दुबईत जातात. पण शारजात विकणं, पिणं, जवळ बाळगणं, तिन्ही गुन्हे. दुबईत रीतसर घेतलेली बाटली रस्ता ओलांडला की बेकायदा. त्यामुळे शारजातल्या मावसभावाकडे मुक्काम असेल, तर ड्युटी फ्रीची भेट नेऊ नये. खजूर तिथेच मिळतात.

गाडीचं तर बोलूच नका. आपल्याकडे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, तिथे थेंबही नाही. टॅक्सीवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घातली आणि पोलीस आले, तर तोंडाचा वास आपल्याच विरुद्ध साक्ष देतो.

एवढे नियम बघून कुणी म्हणतं, कशाला कटकट, एक माणूस खोलीवर स्वस्तात आणून देतो. इथे मात्र हात जोडून सांगतो, नको. संपूर्ण दारूबंदी असलेल्या कुवेतमध्ये ऑगस्ट 2025 मध्ये चोरट्या दारूतल्या मिथेनॉलने 23 जण गेले, काहींची दृष्टी गेली. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं अशीच दगावली होती. मिथेनॉल चवीला कळत नाही. त्रास पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सुरू होतो: पोटदुखी, उलट्या, डोळ्यांपुढे धुकं. हँगओव्हर समजून झोपून राहू नये आणि पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून काही लपवू नये. वेळेत उपचार मिळाले तर माणूस वाचतो.

दुबईच्या हॉटेलात बिअरला चाळीस-पन्नास दिरहम मोजताना जीव कासावीस होतो, कबूल. पण त्या पैशांत बाटलीत काय आहे याची खात्री मिळते आणि ती उघडण्याचा हक्कही.