हिवाळ्यातील हिरवळ

पावसाळा सरला की इंदूरच्या सुदामा नगरातील काही मराठी कुटुंबांकडून आम्हांकडे एक पृच्छा ठरल्यासारखी येते: अंगणातील हिरवळ नाताळपर्यंत हिरवीगार कशी राखावी? त्या रात्री पाहुणे अंगणात बसावयाचे, मुले खेळावयाची, गव्हाणीचा देखावाही तेथेच मांडावयाचा. गवत पिवळे पडलेले कोणास आवडेल? (सुदाम्याच्या नावाच्या वसाहतीत, आणि तीही इंदुरात, राहणाऱ्यास पोह्यांविषयी विचारण्यासारखे काही उरत नाही; म्हणून गवताविषयी विचारीत असावेत.) पृच्छा रास्त आहे. आमचे उत्तर मात्र सर्वांस रुचेलच असे नाही.

आपल्याकडे हिरवळ म्हणून लावतात ती बहुतेक ठिकाणी हरळीच, म्हणजे आपली दूर्वा. माळव्यात तिला दूब म्हणतात. ही उष्ण हवेची वनस्पती आहे. ऊन आणि ओल मिळाली की ती भराभर पसरते. पारा १५ अंशांखाली येऊ लागला म्हणजे तिची वाढ मंदावते, आणि १० अंशांखालच्या रात्री लागोपाठ आल्या की पाने पिवळी पडून ती निजते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. कडाक्याच्या थंडीत अशा रात्री तेथे नवलाच्या नाहीत. वरची पाने वाळली तरी जमिनीतील खोड व मुळे जिवंत असतात. पण निजलेले गवत मेले असे समजून माणसे घाबरतात आणि पाण्याचा व युरियाचा मारा सुरू करतात. गवत त्याने जागे होत नाही. मुळाशी पाणी साचून बुरशी मात्र धरते.

बारमाही हिरवळीची ही हौस आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. त्यांच्या देशात पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो आणि तेथील गवताला थंडी मानवते. पवित्र भूमीतील रीत आणखी निराळी. प्रभूने पाच हजारांना जेवू घातले तेव्हा लोक हिरव्या गवतावर बसले, असे संत मार्क सांगतो. त्या वेळी वल्हांडण सण जवळ आला होता, असे संत योहान सांगतो. दोघांचे म्हणणे नेमके जुळते, कारण तेथला पाऊस हिवाळ्यातला आणि गवताची बहर वसंतातली. उन्हाळ्यात तेच गवत वाळून भट्टीत जाते. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. म्हणून आपले गवत श्रावणात हिरवे. मार्गशीर्षात त्याने हिरवे असावे हा हट्ट आपला आहे. आणि गव्हाणीसाठी हिरवळ हवी असेही नाही. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्यो गावी गव्हाणी मांडली, तेव्हा वाळलेले गवतच आणविले होते.

हा हट्ट पुरविण्यासाठी कोणी ऑक्टोबरात विलायती राय गवताचे बी पेरतात. ते हिवाळाभर हिरवे राहते खरे. पण पाणी फार पिते आणि वसंतात हरळी जागी होऊ लागली की तिच्या वाटेत उभे राहते. हे पाणी कोठून येते? १९७८ पासून इंदूरला नर्मदेचे पाणी मिळते. मंडलेश्वराजवळच्या जलूद येथून, सुमारे ७० किलोमीटरांवरून, विजेच्या पंपांनी ते घाटावर चढवून आणावे लागते. ते निजलेल्या गवतावर रोज ओतावे, हे आम्हांस पटत नाही.

खरे काम शरद ऋतूचे, आणि ते ऑक्टोबरातच उरकावे. तेव्हा गवत अजून वाढत असते. माळव्याची काळी माती ओली असता पायांखाली दडपते आणि वाळली की भेगाळते. म्हणून वाफसा पाहून काटेरी कुदळीने चार-चार बोटांवर भोके पाडावीत. ओल आहे तोच लव्हाळा गड्ड्यासकट खणून काढावा. वरवर उपटला तर दहा दिवसांत तो पुन्हा डोके काढतो. मग वाळू आणि मुरलेले खत समभाग मिसळून अर्धा इंचापेक्षा कमी जाडीचा थर पसरावा आणि झाडूने भोकांत लोटावा. गवताचे शेंडे झाकून टाकू नयेत. पुढे थंडीत कापणी जवळजवळ बंद. दीड-दोन इंच उंची राहू द्यावी, कारण तेच गवताचे पांघरूण. पाणी आठ-दहा दिवसांनी एकदा पुरे, तेही सकाळी ऊन चढल्यावर. संध्याकाळी कधीही नव्हे.

खत कोठून आणावे, हे इंदूरकरांनी विचारू नये. सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात तेथील वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ओल व हवा राखून, मधून मधून उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत त्यांनी तेथे बसविली. ती जगभर 'इंदूर पद्धत' याच नावाने ओळखली जाते. १९३१ साली तिच्यावर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला यशवंत वाड यांचेही नाव आहे. हे दुसरे नाव आपल्या लोकांस क्वचितच ठाऊक असते. ज्या नगराने २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक राखला, तेथेही एखाद्या कोपऱ्यात पाचोळा पेटविलेला दिसला म्हणजे आम्हांस वाईट वाटते. थंडीच्या पहाटे हवा खाली दबलेली असते. धूर वर न जाता शेजारच्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत जातो. शिशिरात पाने गळू लागली की ती खड्ड्यात घालावीत. पावसाळ्यापूर्वी खत तयार होते आणि झाकून ठेवल्यास ऑक्टोबरच्या कामी येते.

आता एक विषय राहिला, आणि तो आम्हांस गवताहून महत्त्वाचा वाटतो. डिसेंबरात गवत वाढत नाही, कापणी नाही, पाणी थोडे; तेव्हा माळ्याला 'फाल्गुनात ये' म्हणून सांगणारी घरे आहेत. चांगली, प्रार्थनेस नेमाने येणारी घरे आहेत. गवताच्या झोपेचे तीन महिने माळ्याच्या चुलीला लागू नाहीत. थंडीत तर घरात पांघरूण, औषध, मुलांची शाळा सगळेच एकदम येते. आणि काम नाही असे मुळीच नाही. खताचा खड्डा उलथावयाचा, हत्यारांना धार लावावयाची, कुंडीतील माती बदलावयाची, वाफ्यांच्या कडा बांधावयाच्या, गुलाबाकडे लक्ष द्यावयाचे. ज्यांच्याकडे एका घरापुरतेही काम निघत नसेल, त्यांनी गल्लीतील चार घरे मिळून एकच माळी बारा महिने ठेवावा आणि पगार ऑक्टोबरातच ठरवून टाकावा. फेब्रुवारी संपता संपता ऊन तापू लागेल, तेव्हा वाळलेली पाने दाताळ्याने हलकेच ओढून काढून पहिले भरपूर पाणी त्याच्याच हाताने द्यावयाचे आहे.