मोठ्या गाडीस इंजिन केवढें असावें?

चिपळुणाहून एका वाचक-गृहस्थांचें सविस्तर पत्र आलें आहे. घर एकत्र, लहानथोर मिळून अकरा माणसें. सात आसनांची गाडी घ्यावयाची हें सर्वांस मान्य. तिचा रंगही, आश्चर्य असें कीं, एका बैठकींत ठरला. पण इंजिन लहान घ्यावें कीं मोठें, या एका प्रश्नावर गेले दोन महिने घरांत दोन तट पडले आहेत. काका नुकतेच सेवानिवृत्त झाले असून गाडीचा मुख्य पैसा त्यांच्याच गंगाजळींतून जावयाचा आहे. ते म्हणतात, पंधराशें सीसी पुरे. माणसांस बाजारांत, देवळांत आणि स्टेशनावर न्यावयाचें, त्यास शर्यतीचा घोडा कशाला? पुतण्याचें म्हणणें, दोन हजारांच्या खालीं उतरूंच नये. कारण वृद्ध मातोश्रींस दर महिन्यास तपासणीसाठीं पुण्यास न्यावें लागतें आणि वाट कुंभार्ली घाटाची. गेल्या गणपतींत भाड्यानें आणिलेली गाडी भर चढावर उभी राहिली ती निघतांना हातभर मागें सरली, मुलें ओरडलीं, आणि तेव्हांपासून काकूंनीं आपलें वजन पुतण्याच्या पारड्यांत टाकिलें आहे. मास्तरांनीं निवाडा द्यावा, अशी पत्राच्या शेवटीं विनंति आहे.

निवाड्यापूर्वीं वादाचा शब्द तपासावा लागतो. अर्धेअधिक वाद शब्दाचा अर्थ न ठरविल्यामुळेंच माजतात. सीसी म्हणजे घनसेंटिमीटर. इंजिनाच्या सिलिंडरांत दट्ट्या खालींवर होतांना जेवढी जागा झाडून जातो तिचें, सर्व सिलिंडरांचें मिळून, हें माप. म्हणजे हें भांड्याचें माप झालें. त्यांत शिजतें किती तें यावरून कळत नाहीं. इंजिन आपल्याच श्वासानें हवा ओढीत असे तोंवर मोठें भांडें म्हणजे जास्त हवा, जास्त इंधन आणि जास्त शक्ति, हें अनुमान बरोबर येई. काका काय आणि पुतण्या काय, दोघांचाही हेतु त्या काळांतला आहे. न्यायशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर तो हेतु आतां व्यभिचारी ठरला आहे. जेथें सीसी अधिक तेथें जोर अधिक, ही व्याप्ति ठिकठिकाणीं मोडते.

उदाहरणें आपल्याच रस्त्यांवरचीं आहेत. १६ डिसेंबर २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली व भोंवतालच्या प्रदेशांत २००० सीसी व त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी थांबविली. महिना लोटतो न लोटतो तोंच महिंद्र कंपनीनें नाशकाच्या स्कॉर्पिओस आणि चाकणच्या एक्सयूव्ही ५०० या गाडीस, २.२ लिटरऐवजीं १.९९ लिटरचें इंजिन त्या प्रदेशापुरतें बसवून दिलें. भांडें लहान झालें, पण एक्सयूव्हीची शक्ति १४० अश्वांचीच राहिली. (ती बंदी ऑगस्ट २०१६ मध्यें उठली, मोठ्या डिझेल गाड्यांवर किंमतीच्या एक टक्का पर्यावरण-उपकर तेवढा आला.) उलट बाजूही आहे. २०२२ सालीं निघालेल्या स्कॉर्पिओ-एनमध्यें तेंच २.२ लिटरचें डिझेल इंजिन कमी किंमतीच्या गाडीस १३२ अश्वांचें आणि वरच्या गाडीस १७५ अश्वांचें दिलें गेलें. सीसी एक, शक्ति दोन! आणि ह्युंदाईच्या अल्काझारची गोष्ट तर पुतण्यानें मुद्दाम वाचावी. २०२१ सालीं ही गाडी १९९९ सीसीचें पेट्रोल इंजिन घेऊन आली. त्याचा पीळ, ज्यास टॉर्क म्हणतात तो, १९१ न्यूटन-मीटर. २०२३ मध्यें तें काढून १४८२ सीसीचें, टर्बो जोडलेलें इंजिन घातलें. त्याचा पीळ २५३. धाकट्यानें थोरल्यास असें मागें टाकिलें.

हा टर्बो म्हणजे नवी जादू नव्हे. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालींच त्याचें पेटंट घेतलें होतें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एरव्हीं वायां जातो. त्याच्या झोतावर एक चक्र फिरवावयाचें आणि त्याच आंसावरच्या दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबावयाची, एवढेंच त्याचें मर्म. लहान भांड्यांत मोठ्या भांड्याची हवा मावते ती अशी. डिझेल गाड्यांत हें आतां सर्रास असतें. पेट्रोल गाड्यांत कोठें असतें, कोठें नसतें, आणि विकत घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवावयाचे ते तेथेंच.

आतां घाटाचें गणित करूं. पाटीवरचें गणित आहे. घाबरण्याचें कारण नाहीं. एका सेकंदांत ७५ किलो वजन एक मीटर उंच उचलणें ही एक अश्वशक्ति. गाडी १६०० किलोंची, सात माणसें व त्यांचें सामान मिळून ५०० किलो, एकूण २१००. चढ पंधरास एक, वेग ताशीं ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें ११ मीटर; त्यांतली उभी उंची पाऊण मीटरास किंचित् कमी. तेव्हां नुसतें वजन वर नेण्यास सुमारें २१ अश्व लागले. चाकांचें व वाऱ्याचें घर्षण आणि आंतील थंड हवेचें यंत्र यांस मिळून आणखी आठनऊ धरा. म्हणजे तीस झाले. गाडींत एकटा चालक असतां उचलण्याचें काम १६ अश्वांतच भागतें.

काका म्हणतील, मग झालें तर! पंधराशें सीसीच्या साध्या इंजिनाचेही ११५ अश्व आहेत. आहेत खरे, परंतु ते इंजिन मिनिटास सहा हजारांवर फेरे घेऊं लागतें तेव्हां भेटतात, आणि मातोश्री मागें बसल्या असतां तितके फेरे कोणी करीत नाहीं. आपण घाट चढतों तो बहुधा दोन हजारांच्या आसपास. किया कॅरेन्सचें साधें दीड लिटरचें पेट्रोल इंजिन घ्या: त्याचा जास्तींत जास्त पीळ १४४, तोही ४५०० फेऱ्यांवर. दोन हजारांवर त्याच्याकडून चाळीसपेक्षां अधिक अश्व निघणें शक्यच नाहीं. लागतात तीस, मिळतात चाळिसाच्या आंत. मधली कांहीं शक्ति गियरांतच मुरते. एवढ्या शिलकेवर पुढचा ट्रक ओलांडूं जाणें म्हणजे समोरून कोणी येऊं नये यासाठीं देवावर भार टाकणें. त्याच गाडीस २०२३ पासून मिळूं लागलेलें टर्बो इंजिन १५०० फेऱ्यांपासूनच २५३ चा पीळ देतें. दोन हजारांवर ७२ अश्व हजर. सीसी जवळजवळ तेच, पण एकाची शिल्लक दहा आणि दुसऱ्याची चाळीस. वर महाबळेश्वरासारख्या उंचीवर हवा आठव्या हिश्श्यानें विरळ होते, तेथें साधें इंजिन आणखी धापा टाकतें. टर्बो ती उणीव बव्हंशीं भरून काढतो.

साधें इंजिन घाट चढत नाहीं असा याचा अर्थ कोणी करूं नये. चढतें. गियर खालचा घ्यावा लागतो, इंजिन ओरडतें, गाडींतलीं माणसें बोलावयाचीं थांबतात. खरें नुकसान क्लचचें होतें. भरलेली गाडी वळणावर उचलतांना चालक अर्ध्या क्लचवर खेळत राहतो आणि क्लचप्लेटीचा वास मागच्या बांकापर्यंत येतो. काकूंची मागें सरलेली गाडी याच जातीची असावी, अर्थात् तींत चालकाचाही वांटा असेल.

मग प्रत्येकानें जोरदारच इंजिन घ्यावें काय? तसें नव्हे. लाघव हा गुणच आहे, आणि काकांचा पक्ष येथें बळकट होतो. समजा, जोरदार इंजिनास दीड लक्ष रुपये अधिक पडले. समजा, साध्याचें ॲव्हरेज लिटरास १४ आणि जोरदाराचें १२ किलोमीटर, वर्षास धांव ८००० किलोमीटर, पेट्रोल शंभर रुपयांनीं. वर्षास सुमारें ९५ लिटर, म्हणजे साडेनऊ हजार रुपये अधिक. दहा वर्षांत एकूण जादा खर्च अडीच लक्षांच्या घरांत गेला. आतां असें विचारा कीं, गाडी भरून घाट चढण्याचे प्रसंग वर्षास किती? दोनच असतील, तर दहा वर्षांत वीस. एका प्रसंगास बारा हजार पडले. त्यापेक्षां त्या दोन दिवशीं चांगल्या चालकासह भाड्याची गाडी करावी आणि स्वतः खिडकींतून सह्याद्रि पाहावा. पुण्या-मुंबईंत बहुतेक दिवस दोघांतिघांनींच फिरणाऱ्या घरांस माझें हेंच सांगणें राहील. पत्रलेखकांच्या घरीं मात्र बारा महिन्यांच्या बारा खेपा आणि सणावाराच्या व लग्नकार्याच्या मिळून आठ, अशा वर्षास वीस. दर खेपेस बाराशें रुपये. शिवाय चिपळूण पायथ्याशीं. तेथून देशावर जावयाचें तर घाट टळत नाहीं. मातोश्रींच्या खेपांस गाडींत चारच माणसें असतात हें खरें, पण त्या खेपांत वेळेवर पोंचणें आणि धक्के न बसणें यांचें मोल अधिक आहे.

कराच्या भीतीनें लहान इंजिन घेण्याचें कारण आतां उरलेलें नाहीं, हेंही काकांनीं ध्यानांत घ्यावें. वस्तु व सेवा कराचा अधिभार पूर्वीं १५०० सीसीच्या रेषेवर बदलत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांपेक्षां लांब गाडीस इंजिन केवढेंही असलें तरी चाळीस टक्के, असा सरळ हिशेब झाला. पेट्रोल १२०० व डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या, चार मीटरांच्या आंतील गाड्यांस अठरा. सात आसनें असून या सवलतींत बसणारी रेनॉ ट्रायबर आहे. पण तिचें इंजिन ९९९ सीसीचें आणि ७२ अश्वांचें. शहरांत ती गुणाची. कुंभार्लीस सात माणसें घालून मी तिला पाठविणार नाहीं.

डिझेलविषयीं थोडें. दीड लिटरच्या डिझेल इंजिनाचा पीळही २५० च्या घरांत असतो आणि घाटांत त्याची बरोबरी करणें कठीण. परंतु नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यांत काजळी धरणारी गाळणी असते. ती तापून काजळी जळावी यासाठीं गाडी मधूनमधून लांब व सलग चालावी लागते. केवळ शाळा आणि मंडई करणाऱ्या घरांत ही गाळणी तुंबते. चिपळूण-पुणें दरमहा होत असेल तर ही अडचण येऊं नये.

चढाविषयीं सारे बोलतात, उताराविषयीं कोणी विचारीत नाहीं. भरलेली गाडी खालीं उतरतांना तेंच २१ अश्वांचें ओझें उलट ढकलूं लागतें, आणि तें एकट्या ब्रेकवर टाकलें तर ब्रेक तापून निकामी होतात. इंजिनाचा रोध येथें उपयोगीं पडतो. इंजिन लहान असेल तर हा रोधही कमी, म्हणून एक गियर आणखी खालचा घ्यावा लागतो. ज्या गियरांत चढलों त्याच गियरांत उतरावें, हा जुन्या चालकांचा नियम टर्बो इंजिनास मात्र पुरा पडत नाहीं, तेथें चढलों त्याहून खालचा गियर घ्यावा. कारण ज्या जोरानें तें चढतें तो जोर उतरतांना रोधाच्या रूपानें परत मिळत नाहीं. स्वयंचलित गियरच्या गाडींतही खालचा गियर हातानें धरतां येतो कीं नाहीं, हें घेण्यापूर्वीं पाहावें. टर्बोची आणखी एक रीत: घाटमाथ्यावर पोंचतांच गाडी थांबवून लगेच चावी फिरवूं नये, अर्धाएक मिनिट इंजिन मंद चालूं द्यावें, म्हणजे तापलेल्या चक्रास तेल मिळत राहतें. तेल कंपनीनें सांगितलेलेंच घालावें. यांत काटकसर नको.

तर निवाडा असा. सीसी काकांची, पंधराशें, पीळ पुतण्याचा. टर्बोचें पेट्रोल कीं डिझेल, तें धावेच्या हिशेबानें घरांत ठरवावें. कंपन्या जोरदार इंजिनाबरोबर पुष्कळदां कांचेचें उघडतें छप्पर आणि भला मोठा पडदा बांधून देतात. जेथें तें टाळतां येईल तेथें टाळावें. कोंकणांत चार महिने पाऊस. छप्पर उघडावयाचें केव्हां? तो पैसा चांगल्या टायरांकडे वळवावा.

विक्रेता परीक्षेसाठीं गाडी देतो ती सपाट रस्त्यावर, दोघांस घेऊन, दहा मिनिटें. ती परीक्षा नव्हे. अगोदर बोलून सकाळची वेळ मागून घ्यावी. घरचीं सात माणसें व दोन ट्रंका घालून गाडी कुंभार्लीच्या पायथ्यापर्यंत न्यावी. थंड हवेचें यंत्र चालू असूं द्यावें. चढावर पूर्ण थांबून पुन्हां निघावें. मग तिसऱ्या गियरमध्यें ताशीं ४० वरून पाय दाबून पाहावें, आणि मागें बसलेल्यांस विचारावें. मातोश्रींस मधल्या ओळींत, खिडकीशीं बसवावें. तिसरी ओळ पुतण्यास द्यावी.