जमिनीच्या कागदाआधी पासपोर्ट

गेल्या आठवड्यात बार्देशातले एक गृहस्थ ऑफिसात आले. वय साठीच्या पुढचं, नोकरी इंग्लंडात, घर वडिलोपार्जित. त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले. एक, घराला लागून असलेल्या भातशेताचा एक-चौदाचा, म्हणजे जमीन नोंदीचा, उतारा. दुसरा, दहा लाखांची विसारपावती. "वकीलबाब, मालक शेजारीच आहे, कसली भानगड नाही. तेवढं खरेदीखत करून द्या." मी पासपोर्ट मागितला. तो निघाला पोर्तुगालचा.

व्यवहार तिथेच थांबला. परदेशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की भारताचं जातं. त्यांच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे, त्यावर घर, फ्लॅट किंवा दुकान घेता येतं. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे मात्र विकत घेता येत नाहीत. शिवाय बिगरशेतकऱ्याला भातशेत विकण्यावर गोव्यानं २०२३ मध्ये कायदा करून निर्बंध आणले आहेत.

भारतीय वंशाचा नसलेल्या परदेशी माणसाला ही वाट आणखी अरुंद आहे. आदल्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक काळ इथे राहिलेला आणि नोकरी, धंदा किंवा तशाच दीर्घ मुक्कामाच्या हेतूनं आलेला माणूसच 'फेमा' या परकीय चलन कायद्याच्या दृष्टीनं रहिवासी ठरतो. पर्यटक व्हिसावर कितीही दिवस काढले, तरी घर नावावर घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंत भाडेपट्टा करता येतो. किनारपट्टीवर अनेक परदेशी लोकांनी हे न कळता घरं घेतली आणि पुढे 'ईडी'च्या नोटिसा आल्या. दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो, मालमत्ताही जप्त होऊ शकते. सबरजिस्ट्रारचा शिक्का म्हणजे 'फेमा'ची परवानगी नव्हे, हे त्यांना कुणी वेळेवर सांगितलंच नाही.

विकतानाही घाई नको. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे सामाईक मालमत्ता विकायला पती-पत्नी दोघांच्याही सह्या लागतात. एक जण लिस्बनला असेल, तर तिथे नोटरीसमोर सही केलेलं आणि अपोस्टिल झालेलं मुखत्यारपत्र हवं. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. वारसाहक्काच्या घराची रक्कम अनिवासींच्या एनआरओ बँक खात्यात येते आणि कर भरल्यावर त्या खात्यातून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते.

नियम कडक आहेत, ही माझी तक्रार नाही. गोव्याची जमीन थोडी आहे, ती जपायलाच हवी. पण दलाल, नोटरी आणि आम्ही वकील, यांपैकी पहिल्या भेटीत जो कुणी असेल त्यानं विसाराआधी पासपोर्ट आणि व्हिसा पाहिलाच पाहिजे. त्या गृहस्थांचा पासपोर्ट विसार दिला त्या दिवशीही त्यांच्या खिशातच होता. कुणी मागितला असता, तर आज दहा लाख परत मिळवण्यासाठी त्यांना बालपणीच्या शेजाऱ्यालाच नोटीस धाडायची वेळ आली नसती.

(लेखक म्हापसा येथे दिवाणी वकिली करतात.)