पायदानांचे पुराण

'बिनाका गीतमाला' बंद होऊन कित्येक वर्षे लोटली. तिचे सूत्रधार अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. पण तिच्या भक्तांचे भांडण काही मिटत नाही. चार भक्त एकत्र बसले की अमुक साली पहिले कोण आले, तमुक गीत वरच्या पायदानावर किती आठवडे तळ ठोकून होते, यावर चहा थंड होईपर्यंत खल चालतो. ज्या गृहस्थाला आपला मुलगा कितवीत आहे हे बायकोला विचारावे लागते, त्याला १९५७ सालची यादी क्रमवार मुखोद्गत असते!

पाठांतराला माझी हरकत नाही. मास्तराने तरी ती का घ्यावी? माझी हरकत आहे ती यादी म्हणून झाल्यावर येणाऱ्या वाक्याला. ते वाक्य असे: "हा जनतेचा कौल होता."

कोणत्या जनतेचा?

१९५२ साली नभोवाणी खाते बाळकृष्ण केसकरांच्या हाती आले आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीची दारे बंद होत गेली. केसकर शास्त्रीय संगीताचे खरे प्रेमी; पण अभिरुची हुकमाने वाढते अशी त्यांची समजूत होती. लोकांनी सरकारशी वाद घातला नाही. त्यांनी काटा सिलोनवर फिरवला. महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला कोलंबोचा तो दांडगा प्रक्षेपक हिंदुस्थानभर ऐकू येई. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती कोलंबोला जायच्या, आणि बुधवारी रात्री आठला आपलेच गाणे समुद्रावरून परत घरी यायचे. आरंभी ती सात गीतांची बक्षिसी स्पर्धा होती. पहिल्याच खेपेस नऊ हजार पत्रे आली असे सयानी सांगत. क्रमवारी मागाहून आली. मंत्र्याने घातलेले कुलूप दात घासण्याच्या पेस्टवाल्याने उघडले, ही गोष्ट आपल्या सांस्कृतिक इतिहासात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे. केसकरांच्या खात्याला शहाणपण सुचून 'विविध भारती' निघायला १९५७चा ऑक्टोबर उजाडला.

आता क्रम कसा लागे ते पाहा. रेकॉर्डविक्रेत्यांकडून खपाचे आकडे येत; त्यांत पुढे श्रोता संघांच्या पसंतीची भर पडली. म्हणजे मत कोणाला? एक, ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे त्याला. दोन, ज्याच्याजवळ पोस्टकार्ड, फुरसत आणि अक्षरओळख आहे त्याला. त्या काळी ग्रामोफोन किती घरांत होता हो? हॉटेलच्या दाराशी उभा राहून एका कपावर तासभर गाणी ऐकणारा हमाल, शेजारणीच्या खिडकीतून येणारा सूर कानांत साठवीत भाकरी थापणारी बाई, यांचे कान कोणत्या वहीत मोजले गेले? आणि पोस्टकार्डांचे म्हणाल, तर झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचे लहानसे गाव फर्माइशींच्या जोरावर देशभर गाजले. त्या हौशी मंडळींचे मला कौतुकच आहे. पण ज्या गावात टपाल आठवड्याने पोचे, त्या गावाला गाण्याचे वेड नव्हते असे कोणी म्हणावे काय?

१९५७चेच घ्या. त्या साली 'प्यासा' आला, 'मदर इंडिया' आला, 'नया दौर' आला. सचिनदेव बर्मन, नौशाद, ओ. पी. नय्यर असे तीन मल्ल आखाड्यात. वार्षिक यादीत पहिले आले 'जनम जनम के फेरे'तले गीत, संगीत एस. एन. त्रिपाठी यांचे. इथे भक्तांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, यादीत घोटाळा होता. दुसरा म्हणतो, पाहा, त्रिपाठी बर्मनला भारी पडले! मला दोघांचेही नवल वाटते. रफी-लतांचे ते गीत गोडच आहे, ते खपले यात घोटाळा कसला? आणि ते खपले म्हणून 'प्यासा' खाली कसा गेला? वर्गात पहिला आलेला मुलगा हुशार असतो, याबद्दल वाद नाही. पण तिसाव्या क्रमांकाच्या मुलाच्या डोक्यात काय चालले आहे ते गुणपत्रिकेला कळते, असे म्हणणारा मास्तर मी अजून पाहिला नाही. (पालक पुष्कळ पाहिले.)

आपल्याच दारची गोष्ट सांगतो. १९५५च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' झाले. छप्पन्न गीते. त्यांना पायदाने नव्हती, पहिले-दुसरे नव्हते. मराठी घरांनी ती सगळीच्या सगळी ठेवून घेतली. गीतमाला हिंदी चित्रपटांपुरतीच होती, ते ठीकच. मात्र तिला साऱ्या देशाचा कान म्हणणाऱ्यांनी हे सारे कुठे मांडायचे ते सांगावे.

सयानींवर माझा रोख नाही. 'बहनों और भाइयों' म्हणणारा तो आवाज, ती कुणालाही परकी न वाटणारी हिंदुस्थानी, या गोष्टी क्रमांकापलीकडच्या आहेत. लोक बुधवारी बसत ते बऱ्याच अंशी त्या आवाजापायी. पण आवाज वहीत उतरत नाही, क्रमांक उतरतो. म्हणून मागे क्रमांक उरले आणि भक्त त्यांनाच देव मानून बसले.

आता या वह्यांवरून 'अधिकृत' यादी सिद्ध करून छापावी अशी टूम निघत असते. छापा. पण वह्या छापायच्या तर अख्ख्या छापा; समासासकट. दर बुधवारी टाक घेऊन बसलेल्या माणसाने समासात 'वीज गेली', 'खरखर फार', 'ताईला हे आवडले नाही' असेही लिहिलेले असते. ते गाळून नुसते आकडे का काढता?