पसंतीक्रमात ‘सेफ’ कशाला?



‘अकरावीचा अर्ज मुलांनाच भरू द्या, पालकांची लुडबूड नको’ हे पत्र वाचले. पत्रलेखकांचा वैताग समजतो. उपाय मात्र पटला नाही. 2025 मध्ये अकरावी प्रवेशाची ऑनलाइन प्रक्रिया राज्यभर लागू झाली. तोवर ती मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या शहरी भागांपुरतीच होती. तालुक्याच्या गावी मुलगा आणि बाप दोघेही तितकेच नवखे. मग एकट्या मुलाने काय करावे?

मी निवृत्त शिक्षिका आहे. ओळखीपाळखीचे लोक अर्ज घेऊन घरी येतात. एका वडिलांनी खताच्या पावतीमागे दहा पसंत्या लिहून आणल्या होत्या. लेकीला हवे असलेले कॉलेज चौथे. का? ‘मॅडम, तिथला कटऑफ मागच्या साली वर होता. सेफ वर घातलं.’ इथेच घात होतो. जागा गुणवत्तेनुसार मिळते; आवडीचे कॉलेज वर लिहिले म्हणून खालच्याची संधी तसूभरही कमी होत नाही. उलट पहिली पसंती लागली की प्रवेश घ्यावाच लागतो, नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणजे ‘सेफ’च गळ्यात!

हे सांगायला दहा मिनिटे लागली. (चहा धरून पंधरा.) दहावीच्या निकालाआधी शाळेने पालकांना एकदा बोलावून हे फळ्यावर मांडले, तर पैसे घेऊन अर्ज भरून देणाऱ्या नेट कॅफेवाल्याच्या सल्ल्यावर विसंबावे लागणार नाही.

त्या वडिलांनी पावती उलटीसुलटी केली, पेन मागितले आणि लेकीपुढे सरकवले.

– एक निवृत्त शिक्षिका