सीव्ही, रेझ्युमे आणि स्थळाचा बायोडेटा

मंडळी, ह्या विकांताचा विषय जरा कामाचा आहे. गेली तीनेक वर्षं टीमसाठी मुलाखती घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. त्यामुळे आठवड्याला पंधरा-वीस फायली तरी नजरेखालून जातात. फाइलचं नाव असतं 'रेझ्युमे', पहिल्या ओळीत ठळक अक्षरात 'करिक्युलम व्हिटे', आणि आतला मजकूर थेट बायोडेटाचा. जन्मतारीख, वडिलांचं नाव, त्यांचा व्यवसाय, विवाहित की अविवाहित, धर्म, कायमचा पत्ता. वर 'श्री गणेश प्रसन्न' आणि खाली रास-नाडी तेवढी राहिलेली असते :-)

पुस्तकी फरक एकदाचा सांगून टाकतो. करिक्युलम व्हिटे हे लॅटिन, म्हणजे साधारण आयुष्याची वाटचाल. रेझ्युमे फ्रेंच, म्हणजे सारांश. अमेरिकेत नोकरीसाठी एक-दोन पानांचा रेझ्युमे देतात. सीव्ही मागतात तो विद्यापीठात, संशोधनात. त्यात शोधनिबंध, शिकवलेले विषय, मिळालेली अनुदानं सगळं येतं आणि वयाबरोबर पानंही वाढत जातात. इंग्लंडमध्ये मात्र नोकरीच्या त्याच दोन पानांना सीव्ही म्हणतात. गंमत म्हणजे रेझ्युमे हा शब्द ज्यांचा, ते फ्रेंच लोकसुद्धा नोकरीला सीव्हीच देतात. आपल्याकडे दोन्ही शब्द कसेही चालतात आणि त्यावरून कुणाची नोकरी गेल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा नावावरून डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

मी माझ्यापुरता फरक असा लक्षात ठेवलाय: सीव्ही सांगतो तुम्ही आजवर काय काय केलंत. रेझ्युमे सांगतो त्यातलं ह्या कामाला काय उपयोगी आहे. आणि बायोडेटा सांगतो तुम्ही कुणाचे कोण.

लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोव्हिको स्फोर्झाला लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे, साधारण १४८२ च्या सुमाराचं. पहिला रेझ्युमे म्हणून त्याचं कौतुक होतं. त्यात मी हलके पूल बांधू शकतो, तोफा करू शकतो, वेढा घालताना काय करायचं ते जाणतो, असे मुद्दे एकामागून एक येतात. चित्रकला येते अगदी शेवटी! समोरच्याला लढाईची यंत्रं हवी आहेत हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. वडिलांच्या नावाचा रकाना असता तर मात्र पंचाईत होती, कारण तो अनौरस मुलगा होता.

हसण्यावारी नेण्यासारखं हे इथपर्यंतच. मागे एका कंपनीत असताना शॉर्टलिस्टिंगला बसलो होतो. मी तिथे सगळ्यात ज्युनियर. एका मुलीचा रेझ्युमे आला, चार वर्षांचा जावाचा अनुभव, काम नेमकं लिहिलेलं. वरिष्ठांनी शेवटचं पान पाहिलं आणि म्हणाले, "मॅरीड, सत्तावीस. वर्षभरात रजेवर जाणार बघ." तो कागद ढिगाच्या तळाशी गेला तो वर आलाच नाही. तिला कळलंही नसेल की चार वर्षांच्या कामापेक्षा एक ओळ भारी पडली, आणि ती ओळ तिने स्वतःच टाइप केली होती.

आडनावाचं तर विचारूच नका. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये २००७ साली आला होता. खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावं वेगळी: काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. तेही नुसत्या नावावर! आणि आपण त्याखाली धर्म, वडिलांचा व्यवसाय आणि मूळ गाव आपणहून पुरवतो. नाव काढता येत नाही, हे मान्य. (आपल्याकडे मधलं नावच निम्मं सांगून जातं, बायकांचं तर लग्नानंतर बदलतं.) पण बाकीचं तरी का द्यायचं?

हे येतं कुठून? आमच्या कॉलेजात प्लेसमेंटवाल्यांनी दिलेल्या फॉरमॅटमध्येच हे रकाने होते. सीनियरची फाइल घ्यायची, नाव बदलायचं, पाठवायची. तळाची ती 'आय हिअरबाय डिक्लेअर' वाली ओळही अशीच पिढीजात चालत आलेली. आता चॅट-जीपीटीकडून लिहून घेतात, पण तोही जुनी फाइल चिकटवून दिली की वडिलांचं नाव इमानेइतबारे ठेवतो. आणि दोष एकट्या पोरांना का द्या? कंपन्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्येही 'मॅरिटल स्टेटस'समोर लाल चांदणी असतेच. लग्नाचा आणि बँकेच्या कर्ज वसुलीच्या कोडचा काय संबंध, हे एचआरला एकदा विचारून बघायला हवं.

माझा मावसभाऊ यंदा शेवटच्या वर्षाला आहे. त्याला हे सगळं काढायला सांगितलं तर म्हणाला, "दादा, मग पान रिकामं दिसतं ना!" हे खरं दुखणं. अनुभव नाही म्हणून कुटुंब भरायचं. त्याला म्हटलं, चौघांच्या प्रोजेक्टमधला कुठला भाग तू लिहिलास, कुठे अडकलास, कसा सोडवलास, ते चार ओळीत लिही. दोन दिवस गेले त्यात. कारण प्रोजेक्टचं नाव सांगता येतं, स्वतःचं काम सांगताना त त प प होतं. पीएचडीसाठी बाहेर अर्ज करायचा झाला तर लांबलचक सीव्ही खुशाल कर म्हणालो, पण त्यातही वडिलांची नोकरी नको.

काल त्याचा नवा ड्राफ्ट आलाय. धर्म गेला, 'सिंगल' गेलं, प्रोजेक्टच्या चार ओळी चांगल्या जमल्यात. हॉबीजमध्ये 'लिसनिंग टू म्युझिक' अजून आहे.